इफ्फतच्या नावानं गेलेला मेल

"वकीलबाई, दारात पोलीस आहेत. बहूला न्यायला आले म्हणतात." अब्दुल रहीम फोनवर हळू बोलत होते. "तिची इद्दत चालू आहे. तिला बाहेर कसं पाठवू?"

गोदावरीबाईंनी पोळी तव्यावरच सोडली. "बाई पोलीस आहे का सोबत?"

"नाही."

"मग जमादाराला फोन द्या."

त्या जमादाराला काय बोलल्या ते अब्दुल रहीम यांना ऐकू आलं नाही. जमादारानं फोन कानापासून वीतभर लांब धरला होता, एवढं मात्र दिसलं. अकोल्याच्या कोर्टात गोदावरीबाईंची जीभ सगळ्यांच्या ओळखीची होती. अखेर ठरलं ते असं: पोलीस उद्या सकाळी येतील, बाई पोलीस घेऊन येतील, आणि तोवर वकीलबाईंनी काय उजेड पाडायचा तो पाडावा. गोदावरीबाईंनी गॅस बंद केला आणि रिक्षा पकडली.

प्रकरण पेपरात येऊन गेलं होतं. पूर्णामाय सीड्स या कंपनीचं कपाशीचं बी अकोट तालुक्यात पेरलं गेलं आणि उगवलंच नाही. त्या वर्षांत वऱ्हाडात वाईट बातमीचं कोणाला नवल राहिलं नव्हतं. पांढऱ्या गाड्यांतून पथकं यायची, बांधावर उभी राहून फोटो काढायची आणि ऊन लागतं म्हणून लवकर परतायची. पण यावेळी पकडायला एक माणूस सापडला होता. कंपनीची बियाणं तपासणारी अधिकारी, अब्दुल रहीम यांची सून इफ्फत. 'लॉट पास आहे, माल सोडा,' असा मेल तिच्याच मेलबॉक्समधून गेला होता. कंपनीनं तिला कामावरूनही काढलं होतं.

इफ्फत म्हणत होती, तो मेल मी लिहिलाच नाही. उलट मी साहेबांना 'माल थांबवा' असा मेल केला होता. पण तो मेल कुठंच नव्हता. तिच्या मेलबॉक्समध्ये नाही आणि साहेबांच्याही नाही.

जुन्या शहरातल्या अब्दुल रहीम यांच्या घरापुढं एक गाडी उभी होती. ओट्यावर रामराव बसले होते, पूर्णामाय सीड्सचे मालक. सत्तरीचा माणूस, पांढरं धोतर, उन्हानं काळे पडलेले हात. कपाशीचा एक वाण त्यांनी स्वतः वीस वर्षं खपून काढलेला होता आणि वऱ्हाडात त्यांना लोक मान द्यायचे. गोदावरीबाईही द्यायच्या. अब्दुल रहीम चहाचं सांगायला आत गेले होते.

"तुमची फी मी देतो, वकीलबाई," रामराव म्हणाले. "पण या पोरीले वाचवा. मी सकाळीच अमरावतीहून निंघालो."

"तिनं गुन्हा केला असं तुम्हाला वाटतं?"

"गुन्हा नाही जी. चुकली. शाकीब गेला तवापासून तिचं चित्त थाऱ्यावर नाही. लॅबचं मशीन लाइनीपायी बंद. घरात बसून दस्तरखानावर बी भिजवलं, तं त्या तपासणीचा काय भरवसा? कोर्टात सरळ म्हणा, चूक झाली. बाईमाणूस आहे, नवरा गेला आहे, कोर्टाले दया येते."

"दया मागायला मी वकील झाले नाही," गोदावरीबाई म्हणाल्या. "आधी तिला विचारते."

इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरात राहायचं, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. इफ्फतची संपायला अजून महिना होता. आतल्या खोलीत ती जमिनीवर बसली होती. तिशीची, कृषी विद्यापीठात शिकलेली, सरळ डोळ्यांत बघून बोलणारी. शाकीबची मोटारसायकल अकोट रोडवर ट्रकखाली गेली तेव्हा नेमका बियाणं तपासायचा हंगाम होता. कंपनीचं तिच्यावाचून अडत होतं. म्हणून कंपनीनं तिच्या घरी कॉम्प्युटर पाठवला आणि ऑफिसातला तिचा मेलबॉक्स घरून उघडेल अशी सोय करून दिली.

"अब्बांनीच होकार दिला," ती म्हणाली. "म्हणाले, रिकामी बसशील तर वेडी होशील, काम कर."

"ऑफिसचा माणूस येऊन सोय करून गेला तेव्हा तू कुठं होतीस?"

"पडद्यामागं. मुजम्मिल आला होता, कॉम्प्युटरवाला. भगवंतराव कॉम्प्युटर घेऊन आले होते, सेल्सचे. अब्बा मध्ये बसले. मी इकडून सांगत होते."

"थांबवा असा मेल कोणाला केलास?"

"फक्त रामराव साहेबांना. शंभरात चाळीसही कोंब आले नव्हते. उन्हाळाभर पत्र्याच्या गोदामात बी भाजलं होतं."

"उत्तर?"

"आलं नाही. साहेब स्वतः मेल उघडत नाहीत. निधी त्यांना प्रिंट काढून देते, ते कागदावर वाचतात. मला वाटलं, थांबवलं असेल. पेपरात अकोटचं वाचलं तेव्हा कळलं." तिनं ओढणी सारखी केली. "ताई, मला जेलची तितकी भीती नाही. पण लोक म्हणतात, इफ्फतनं पैसे खाऊन मेलेलं बी पास केलं. माझ्या नावावर त्यांनी पेरलं ना. हे नाव मला परत पाहिजे."

तिच्या डोक्यावरून हात फिरवून गोदावरीबाई उठल्या. रामरावांनी गाडीतून चला म्हटलं, तर त्यांनी नको म्हटलं आणि अमरावतीची एसटी धरली.

कंपनीचं ऑफिस नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत होतं. रामराव बंगल्यावर गेले होते. ऑफिसात निधी भेटली, साहेबांची टायपिस्ट, आणि तिच्या शेजारी मुजम्मिल एक कॉम्प्युटर उघडून बसला होता. कंपनीच्या सगळ्या कॉम्प्युटरांचं काम त्याच्याकडंच होतं.

"पोलीस मला आधीच विचारून गेले, मॅडम," तो न विचारताच म्हणाला. "म्हणतात, सर्व्हर तूच लावला, म्हणजे तूच केलं. आता यांना काय समजवायचं?"

"मला समजव. मी तुला पकडायला आले नाही."

त्यानं लोखंडी कपाटाकडं बोट दाखवलं. आत एक मशीन घरघरत होतं. "सगळे मेल यात राहतात. आधी फक्त ऑफिसात बसून उघडायचे. इफ्फत आपांसाठी मी बाहेरून रस्ता दिला. घरच्या इंटरनेटवर एक पान उघडायचं, नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, झालं. मग सगळ्यांनाच पाहिजे झालं."

"सगळे म्हणजे कोण?"

"आपा. अकोटात भगवंतराव. आणि साहेबांच्या बंगल्यावर. साहेबांना एकदा करून दाखवलं, तर हसले. म्हणाले, आपलं काम निधीच्या कागदावर चालते."

"इफ्फतचा पासवर्ड कोणी ठरवला?"

मुजम्मिलनं मान खाली घातली. "आपा पडद्यामागं होत्या. पासवर्ड मोठ्यानं विचारला असता तर घरभर ऐकू गेला असता. रहीमचाचांनी येऊन माझ्या कानात सांगायचा, तेही बरं दिसेना. म्हणून मी आपला कंपनीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन टाकून दिलं. म्हटलं, मागून बदला."

"बदलला?"

"कोणीच नाही बदलला. आणि मी पण आळशी, सगळ्यांना तोच देऊन ठेवला होता."

"म्हणजे एका किल्लीनं सगळी कुलपं."

"हो जी."

"बरं काम केलंस. कोणी कधी कुठून उघडलं, याची नोंद?"

"सर्व्हर ठेवतो. पण डिस्क लहान आहे, आठवड्यानं जुन्या नोंदी पुसल्या जातात. मे महिन्याचं आता काही नाही, मॅडम. मी खूप शोधलं."

आली का पंचाईत. गोदावरीबाईंनी निधीकडं मोर्चा वळवला. तिशीच्या आतली, अंबापेठेतली मुलगी, नीटनेटकी.

"तुमचे साहेब स्वतः कधीच मेल उघडत नाहीत?"

"छे हो. मी सकाळी आले की आधी साहेबांचा मेलबॉक्स उघडते. नवीन असेल त्याची प्रिंट काढून फाइलला लावते. साहेब लाल पेननं उत्तर लिहितात, मी टाइप करते. दहा वर्षं असंच चाललंय."

"माल थांबवा असा इफ्फतचा मेल आला होता?"

"माझ्या समोर नाही आला. खोटं कशाला बोलू? ती माझी मैत्रीण आहे. आला असता तर मी नाचत सांगितलं असतं."

"त्या दिवसांत काही वेगळं दिसलं?"

निधीनं विचार केला. "तसं काही नाही. म्हणजे, एक कटकट होती. न वाचलेला मेल जाड अक्षरात दिसतो ना? उन्हाळ्यापासून सकाळी एकही जाड दिसेना. सगळे आधीच उघडलेले. नवीन कोणता, जुना कोणता, मलाच कळेना. मी मुजम्मिलला म्हटलं, तू काहीतरी बिघडवून ठेवलंस."

"मी म्हटलं, सर्व्हरची सेटिंग असेल," मुजम्मिल म्हणाला. "बघतो म्हटलं आणि राहून गेलं."

"काही उघडलेले असायचे, की सगळे?"

"सगळे. जाहिरातींचेसुद्धा."

"अजून तसंच आहे?"

"आजही तसंच होतं."

भगवंतराव त्या दिवशी मीटिंगसाठी अकोटाहून आलेले होते. सेल्स मॅनेजर, गळ्यात सोन्याची साखळी, आवाज बाजार समितीत कमावलेला. गोदावरीबाईंना पाहून ते खुर्चीतून अर्धेच उठले.

"मले काहून विचारता? मेल मले आला, मी माल सोडला. हे पाहा." त्यांनी छापलेला कागद पुढं सरकवला. इंग्रजीत दोन ओळी होत्या. लॉट पास आहे, माल सोडावा. खाली इफ्फतचं नाव. कुठं तपासलं, कसं तपासलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"माल सोडायची घाई तुम्हालाच होती, असं ऐकलं."

"होती तं. बी विकणं माहं काम. मिरग लागला की शेतकरी कोणासाठी थांबत नाही, तो दुसऱ्याचं बी घेते. मी रोज साहेबायले म्हणत होतो, लॉटचं काय झालं, लॉटचं काय झालं."

"साहेब काय म्हणायचे?"

"बाई पास करते तवा सोडू, म्हणे."

"आणि बाई पास करीना, म्हणून तुम्हीच तिचा मेलबॉक्स उघडून पास करून टाकला."

भगवंतराव हसले, पण त्यांना ते आवडलं नव्हतं. "वकीलबाई, मी अडाणी नाही, पण तुमच्या त्या पानावर मले माहं नाव टाकता येत नाही. अकोटात मुनीम उघडून देते. आणि खरं सांगू का? मले वाटते तिनंच केलं. दुःखात माणूस काय करन, सांगता येत नाही."

"तिनं तपासलं कसं, हे तरी माहीत आहे?"

"कसं म्हणजे? लॅबमधी ते काचेचं कपाट आहे, त्यात ठेवते. कोंब मोजते. अजून कसं तपासतात?"

"ते कपाट मे महिन्यात बंद होतं."

"काय सांगता? मले कोणी बोललं नाही." ते खरंच चकित झालेले दिसले. "मंग तपासलं कशात?"

हाच प्रश्न गोदावरीबाईंनी परतीच्या एसटीत मनाशी दोनदा म्हटला. दिवस मावळायच्या आत त्या पुन्हा इफ्फतच्या घरी होत्या.

"तू बी तपासलंस कशात?"

इफ्फतनं आधी दाराकडं पाहिलं. "लॅबचं मशीन भारनियमनानं बंद होतं. मी लॅबमधून बियाण्याची पुडी मागवून घेतली आणि घरी तपासलं. दोनदा. याच खोलीत."

"कशावर?"

"ओलावा धरणारं जाड, स्वच्छ कापड पाहिजे होतं. जुना दस्तरखान होता, तो उकळून, कापून त्यात गुंडाळलं. अब्बांना सांगू नका, ताई. ज्यावर वाढून जेवतो त्याला कात्री लावली, असं त्यांना कळलं तर वाईट वाटेल. मी पलंगाखाली ठेवायची."

"घरात कोणी पाहिलं?"

"नाही. सासूबाई नाहीत, अब्बा या खोलीत येत नाहीत."

"लॅबमध्ये कोणाला सांगितलंस? फोनवर? निधीला?"

"कोणालाच नाही. साहेबांच्या मेलमध्ये तेवढं लिहिलं होतं. कशात तपासलं हे लिहावंच लागतं, नाहीतर निकालाला अर्थ नाही. शाकीब असते तर हसले असते, दस्तरखानाचं इंग्रजी शोधायला मला अर्धा तास लागला." ती पहिल्यांदाच जराशी हसली. "आज तुम्हालाच पहिल्यांदा तोंडानं सांगतेय."

गोदावरीबाईंनी समोरचा चहा घेतलाच नाही. त्यांना आता कळलं होतं आणि कळून मुळीच बरं वाटलं नव्हतं. जाताना त्यांनी तिघांना निरोप दिले. उद्या पोलीस यायच्या आधी इथं या.

सकाळी बैठकीत चार माणसं बसली. रामराव, भगवंतराव, मुजम्मिल आणि घरचे अब्दुल रहीम. आतल्या दाराला पडदा होता आणि पडद्यामागं इफ्फत होती. गोदावरीबाई पडद्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात एक लिहून आणलेला कागद होता.

"पोलीस म्हणतात, इफ्फतच्या मेलबॉक्समधून मेल गेला, म्हणजे तिनंच केला," त्यांनी सुरुवात केली. "पण मुजम्मिलच्या कृपेनं सगळ्यांचा पासवर्ड एकच होता. मुजम्मिल, भगवंतराव, निधी, कोणीही कोणाचाही मेलबॉक्स उघडू शकत होतं. म्हणून मी किल्ली कोणाकडं होती हे सोडून दिलं. दुसरी गोष्ट धरली. इफ्फतचा थांबवा हा मेल निधीच्या हाती पडलाच नाही. म्हणजे ती ऑफिसात यायच्या आधी कोणीतरी तो साहेबांच्या मेलबॉक्समधून काढला."

"मी नाही काढला," मुजम्मिल म्हणाला.

"माहीत आहे. निधी सांगते, उन्हाळ्यापासून साहेबांचे सगळे मेल सकाळी उघडलेले असायचे. रोज. जाहिरातीसुद्धा. आता मला सांगा, दुसऱ्याचं टपाल चोरून वाचणारा माणूस काय करेल? पाहिजे तेवढं वाचेल आणि मागं खूण ठेवणार नाही. बियाण्याच्या भानगडीत खताच्या जाहिराती कशाला उघडेल? आणि भानगड होऊन गेल्यावरही कशाला उघडत राहील? काल सकाळीही सगळे उघडलेले होते. आलेलं सगळं, रोजच्या रोज, निवांत वाचतो तो चोर नसतो. तो मालक असतो."

भगवंतरावांनी हळूच रामरावांकडं पाहिलं.

"साहेबायले कॉम्प्युटर येत नाही," ते म्हणाले.

"असं सगळे म्हणतात. तेवढ्यावर मीही कोणाकडं बोट दाखवलं नसतं. पण काल याच ओट्यावर रामराव मला म्हणाले, दस्तरखानावर बी भिजवून केलेल्या तपासणीचा काय भरवसा." त्या रामरावांकडं वळल्या. "भगवंतरावांना वाटतं, बी लॅबच्या मशीनमध्ये तपासलं. अब्दुल रहीमभाईंना आत्ता कळतंय. ज्या मेलवरून माल सुटला त्यात तपासणीबद्दल एक शब्द नाही. दस्तरखानाची गोष्ट या जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती, साहेब. इफ्फतच्या त्या मेलमध्ये, जो तुम्हाला कधी मिळालाच नाही."

अब्दुल रहीम यांनी एकदा पडद्याकडं पाहिलं आणि मग रामरावांकडं. "तुम्ही माझ्या मुलाच्या जनाज्याला खांदा दिला होता," ते म्हणाले.

रामरावांनी नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मुजम्मिलनं दाखवलं तं मी शिकलो," ते म्हणाले. "पहाटे मले झोप येत नाही. घरात कोणी नाही. सारे मेल वाचत बसतो, गावात फेरी मारून आल्यावानी वाटते. लोकायले काहून सांगू? लोक हसले असते."

"आणि इफ्फतचा मेल वाचलात."

"वाचला. माहं बी मेलं म्हणते. माहं बी, वकीलबाई. वीस वर्षं मी त्याच्यात घातली. एक पोरगी घरात बसून जेवणाच्या कापडात गुंडाळते आणि म्हणते मेलं." त्यांचा आवाज चढला आणि पुन्हा खाली आला. "मी गोदामात गेलो. प्रत्येक पोत्यातली सरकी दातात फोडून पाहिली. आत पांढरीफटक, चांगली. आमचा बाप असंच पाहे, मीही आयुष्यभर असंच पाहिलं. वाटलं, पोर दुःखात आहे, तिचं चुकलं. तिनं भगवंतले धाडलेला पासचा एक जुना मेल उघडला, लॉटचा नंबर बदलला आणि त्यालेच धाडला. तिचा थांबवाचा मेल दोन्हीकडून पुसला. मले वाटलं, उगवलं की विषय संपला."

"कुंपणानंच शेत खाल्लं," भगवंतराव पुटपुटले.

"आणि नाही उगवलं तेव्हा?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"तवा तुमच्याकडं आलो. तिले शिक्षा होऊ नये म्हणून."

"तिच्यावर चूक टाकून तिला दया मिळवून द्यायला आलात." त्यांनी कागद त्यांच्यापुढं ठेवला. "आत्ता बोललात ते सगळं यात आहे. सही करा. पोलीस येतच असतील."

रामरावांनी कागद वाचला. सावकाश, शेवटपर्यंत. मग तो परत सरकवला.

"आज नाही करत. आठ-पंधरा दिवसांनी करीन, शप्पथ घेतो. आज सही केली तं गोदामाले सील लागते. अकोटच्या लोकायले मी दुबार पेरणीचं बी फुकट देऊन राहिलो. तेवढं वाटून होऊ द्या. बी नाही भेटलं तं त्यायचा हंगाम जाते."

"तोवर ही जेलमध्ये बसेल."

"मी तिचं सारं पाहीन."

तेव्हा पडद्यामागून इफ्फत बोलली. आवाज अगदी सरळ होता, ऑफिसात बोलायची तसा.

"साहेब, दुबारचं बी कोणत्या लॉटचं आहे?"

रामरावांनी नंबर सांगितला.

"तेही पत्र्याच्याच गोदामात होतं ना?"

"हो. पण ते चांगलं आहे."

"कोणी तपासलं? मला तर तुम्ही कामावरून काढलंय."

रामरावांनी मांडीवरची टोपी उगाच नीट केली.

"कोणी तपासलं, साहेब?"

"मीच पाहिलं," ते म्हणाले. "पोत्यापोत्यातली सरकी फोडून."

अब्दुल रहीम यांनी डोळे मिटून घेतले. गोदावरीबाईंना वाटलं, उठून या म्हाताऱ्याला गदागदा हलवावं. त्यांनी ते केलं नाही.

"माल थांबवा," इफ्फत म्हणाली. "ते बी पहिल्या लॉटहून जुनं आहे. भगवंतराव, माल कुठं आहे?"

"काल सकाळीच गाड्या गेल्या." भगवंतरावांच्या हातात मोबाइल आला होता. "अकोटले गोवर्धनकडं. थांबा, त्याले लावतो."

गोवर्धन म्हणजे अकोटातला कंपनीचा विक्रेता. भगवंतरावांच्या फोनचा आवाज असा मोठा की पलीकडचं सगळ्या खोलीला ऐकू यायचं.

"गोवर्धन, ते नवीन बी वाटू नको."

"वाटून झालं जी. अर्ध्या तालुक्यानं नेलं. परवा इकडं पाणी झालं, समदे वावरात आहेत."

"माणसं धाड. पेरणी थांबव. ते बी मेलेलं आहे."

"आँ? कोण म्हणते?"

भगवंतरावांनी पडद्याकडं पाहिलं. "इफ्फत मॅडम म्हणते. लॅबची."



"साहेब, त्या बाईचं ऐकून लोकायनं एकदा पेरलं," गोवर्धन म्हणाला. "आता तिचंच ऐकून थांबा म्हणू? जोड्यानं मारतीन मले. तुमी तुमचं पाहा." आणि त्यानं फोन ठेवला.



रामराव फोनकडं बघत राहिले. मग त्यांनी कागद स्वतःच ओढून घेतला. "त्याले सांग, ते तिचं नव्हतं," ते भगवंतरावांना म्हणाले. "पहिलं बी तिनं पास नाही केलं. ते माहं होतं. हेही माहंच आहे." त्यांनी सही केली.

जीप आली तेव्हा गोदावरीबाई दारातच उभ्या होत्या. बाई पोलीस सोबत होती. जमादारानं कागद दोनदा वाचला, आत जाऊन रामरावांना विचारलं आणि रामरावांनी हो म्हटलं. ते स्वतःच उठून जीपमध्ये जाऊन बसले. इफ्फतला न्यायची गरज उरली नाही.

"बेटी, सुटलीस तू," अब्दुल रहीम पडद्याजवळ जाऊन म्हणाले.

"भगवंतरावांना म्हणा, पुन्हा लावा," आतून इफ्फत म्हणाली. "आता माझं नाव सांगू नका. साहेबांची सही झाली, हे सांगा."

भगवंतरावांनी गोवर्धनला पुन्हा लावला. मग दुसऱ्या विक्रेत्याला, मग तिसऱ्याला. मुजम्मिलनंही आपल्या फोनवरून अकोटातले ओळखीचे नंबर लावायला घेतले. घंटी वाजायची आणि वाजून बंद व्हायची. दुकानं बंद करून विक्रेतेसुद्धा आपापल्या शेतात गेले होते. अकोटकडं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पेरणी चालली.